आकड्यांचे व्याकरण आणि हरवलेला कर्ता

मराठी शाळेत व्याकरणाचा तास ज्याने काढला आहे, त्याला 'प्रयोग' हे प्रकरण आठवत असेल. वाक्यातील क्रियापद कोणाच्या तंत्राने चालते, कर्त्याच्या की कर्माच्या, यावरून प्रयोग ठरतो. परीक्षेपुरते घोकून आपण ते विसरून जातो. परंतु कंपन्यांचे वार्षिक अहवाल, सल्लागार संस्थांची टिपणे आणि व्यवस्थापनाच्या नोटिसा वाचण्याचे काम ज्या कार्यकर्त्यांच्या वाट्याला येते, त्यांनी हे प्रकरण पुन्हा एकदा उघडावे, असे सुचवावेसे वाटते.

तीन वाक्ये घेऊ. पहिले : 'मालक तीनशे कामगारांना कामावरून काढतो.' दुसरे : 'तीनशे कामगार कामावरून काढले जातात.' तिसरे : 'मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण होते.' पहिल्या वाक्यात काढणारा आहे, निघणारे आहेत आणि त्यांची संख्याही आहे. दुसऱ्या वाक्यातून काढणारा निघून गेला. तिसऱ्यातून कामगार गेले, त्यांची संख्या गेली आणि उरला तो एक भारदस्त शब्द. गंमत अशी की, व्याकरणाच्या मास्तरांना विचारले तर ते म्हणतील, तिसऱ्या वाक्यातही कर्ता आहे, आणि तो आहे 'सुसूत्रीकरण'. म्हणजे केलेले कृत्यच कर्ता होऊन बसले. आता दाद मागायची कोणाकडे? सुसूत्रीकरणाच्या दारावर मोर्चा नेता येत नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर या पानावर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याला आज 'बिझनेस अॅनालिटिक्स' म्हणजे व्यवसाय-विश्लेषण म्हणतात, त्या क्षेत्राने कारखान्यापासून गोदामापर्यंत आणि बँकेपासून रुग्णालयापर्यंत निर्णय घेण्याची पद्धतच बदलून टाकली आहे. कोणत्या खात्यात किती माणसे लागतात, कोण किती मिनिटे रिकामा असतो, कोणते दुकान बंद करावे, कोणत्या भागात किती दर लावावा, हे सारे आकड्यांच्या पृथक्करणातून ठरते. आकडे मात्र स्वतः बोलत नाहीत. त्यांना कोणीतरी वाक्यात बसवावे लागते. आणि एकच आकडा चार वाचकांसाठी चार निरनिराळ्या शैलींत लिहिला जातो. विश्लेषकाच्या तांत्रिक अहवालाची शैली एक, संचालक मंडळापुढील टिपणाची दुसरी, भागधारकांना पाठवायच्या गुळगुळीत कागदावरील अहवालाची तिसरी, आणि कामगाराच्या हातातील यंत्रावर उमटणाऱ्या संदेशाची चौथी. या चार शैलींमधील फरक हा लेखकांच्या आवडीनिवडीचा फरक नाही. कोणाला काय कळू द्यायचे, याचा तो हिशेब आहे.

या हिशेबाचा साधा नियम असा सांगता येईल. विश्लेषकाच्या खोलीतून कागद वरच्या मजल्यावर जातो तेव्हा त्यातील शंका गळते. तोच कागद खालच्या मजल्यावर येतो तेव्हा त्यातील कारण गळते. वरच्यांना निःसंशय निष्कर्ष हवा असतो, आणि खालच्यांना केवळ आज्ञा पुरेशी आहे असे धरले जाते.

टेलरची गोष्ट आणि तिसरा माग

हे सारे संगणकाबरोबर आले, असे मानण्याचे कारण नाही. फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली 'शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे' मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या उचलणारा मजूर दिवसाला सुमारे १२.५ टन माल वाहत असे. 'शास्त्रशुद्ध' देखरेखीखाली तोच मजूर सुमारे ४७ टन वाहू लागला, आणि त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली, असे टेलरने लिहिले. काम जवळजवळ चौपट. मजुरीत वाढ सुमारे ६० टक्के. परंतु ही दोन प्रमाणे त्याने शेजारीशेजारी ठेवून वाचकाला प्रश्न विचारला नाही. त्याने गोष्ट सांगितली. एक साधाभोळा मजूर, त्याला समजावणारा शहाणा व्यवस्थापक, त्यांचा संवाद आणि सुखान्त शेवट. हे काम करणारा माणूस बुद्धीने बैलाच्या जवळचा असतो, असे लिहायलाही तो कचरला नाही. १९७४ साली दोन संशोधकांनी मूळ कागदपत्रे तपासून दाखवून दिले की, या गोष्टीत बरीच भर घातलेली होती. तोवर मात्र जगभरच्या व्यवस्थापन-शिक्षणात ती शास्त्र म्हणून शिकवली जात होती. विश्लेषणाला गोष्टीची शैली दिली की पुरावा मागण्याची इच्छा कमी होते, हा त्यातील धडा आहे. आजही विश्लेषकांना 'आकड्यांची गोष्ट सांगायला शिका' असा उपदेश केला जातो, तेव्हा टेलरचा मजूर आठवावा.

आपल्या मुंबईला या शैलीची ओळख फार लवकर झाली. १९२८ साली गिरण्यांत सुमारे सहा महिने सार्वत्रिक संप चालला. त्याच्या मुळाशी मालकांच्या 'कार्यक्षमता' योजना होत्या. कागदावर शब्द होता कार्यक्षमता. खात्यात त्याचा अर्थ होता, विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळायचे आणि सूतखात्यातील कामगाराने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहायच्या. त्या पिढीच्या कार्यकर्त्यांचे मोठेपण यात की, त्यांनी 'कार्यक्षमता' या शब्दाशी वाद घातला नाही. त्यांनी त्याचे भाषांतर केले. 'तिसरा माग' म्हटले की अक्षरओळख नसलेल्या कामगारालाही प्रश्न समजत होता.

पुढे १९८२ च्या १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्या काळात एक दुसरा शब्द रूढ झाला : 'आजारी गिरणी'. १९८५ साली आजारी औद्योगिक कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. आजार हा निसर्गतः येतो. त्याला अपराधी नसतो. यंत्रसामग्रीत पैसा न घालता नफा दुसरीकडे वळवला तरी ताळेबंदात दिसतो तो आजारच. येथेही कर्ता हरवलेलाच होता.

सात प्राण आणि एक स्लाइड

लेखनशैलीमुळे माणसे मरतात, असे म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल. म्हणून एक सुप्रसिद्ध प्रकरण सांगतो. ते व्यापाराचे नसून अंतराळयानाचे आहे. परंतु विश्लेषण लिहिणाऱ्या प्रत्येक व्यवसायात आज त्याचा अभ्यास केला जातो.

१६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे 'कोलंबिया' यान उडाले. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच बाहेरील टाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असताना कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी या आघाताचे विश्लेषण केले आणि ते वरिष्ठांपुढे मांडले. सविस्तर अहवाल लिहून नव्हे, तर पडद्यावर दाखवायच्या स्लाइडच्या रूपाने. त्यांतील एका स्लाइडच्या मथळ्यावरून वाचकाची समजूत अशी व्हावी की, चाचण्यांचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत. त्याच स्लाइडच्या तळाशी, लहान अक्षरांत, खरी माहिती होती : ज्या तुकड्यांवर चाचण्या झाल्या त्यांचे आकारमान ३ घन इंच होते, आणि प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचे अंदाजे १९२० घन इंच. म्हणजे ६४० पट मोठा. ज्या चाचणीचा आधार घेतला ती या प्रसंगाला लागूच पडत नव्हती. 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द त्या एकाच स्लाइडवर पाच वेळा आला होता, आणि किती म्हणजे लक्षणीय, हे एकदाही सांगितलेले नव्हते. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या प्रवासात यान फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाने, एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाच्या विवेचनाचा आधार घेऊन, तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइड वापरण्याच्या या सवयीवर स्पष्ट टीका केली. अपघाताचे कारण एक स्लाइड होती, असे कोणी म्हणत नाही. वेळापत्रकाचा दबाव होता, खर्चाची काटकसर होती, धोक्याची सवय झालेली होती. परंतु या सर्वांना लपण्यासाठी जी जागा लागते, ती त्या शैलीने पुरवली. मथळा, त्याखाली उपमुद्दा, त्याखाली आणखी एक उपमुद्दा, आणि सर्वांत खाली सत्य. वरच्या मजल्यावर जाताना शंका कशी गळते, याचे याहून विदारक उदाहरण सापडणार नाही.

सहा पाने आणि सव्वा सेकंद

भांडवलदार वर्ग आपल्या स्वतःच्या हितासाठी मात्र लवकर शिकतो. जून २००४ मध्ये अॅमेझॉन कंपनीच्या प्रमुखांनी वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड हद्दपार केल्या. त्यांच्या जागी सलग, पूर्ण वाक्यांत लिहिलेले टिपण आले. पुढे त्याची मर्यादा सहा पानांची ठरली. बैठकीच्या आरंभी सर्वांनी ते शांतपणे वाचायचे आणि मगच चर्चा करायची. कारण असे दिले गेले की, पूर्ण वाक्य लिहिताना माणसाला विचार करावा लागतो; तुटक मुद्द्यांत विचारातील फटी झाकल्या जातात. हे कारण अगदी बरोबर आहे. आपल्या कार्यकारिणीच्या बैठकांनीही ते मनावर घ्यायला हरकत नाही.

परंतु त्याच कंपनीच्या गोदामात काय शैली चालते, ते पाहा. फ्रान्समधील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २७ डिसेंबर २०२३ रोजी तेथील गोदाम-कंपनीवर दंड ठोठावला. कामगाराच्या हातातील स्कॅनरमधून निघणाऱ्या आकड्यांवर त्याची पाळत कशी ठेवली जाते, याचे वर्णन त्या निर्णयात आहे. एक वस्तू स्कॅन केल्यावर सव्वा सेकंदाच्या आत दुसरी स्कॅन केली, तर चूक नोंदली जाई. त्या निर्देशांकाचे नाव होते 'स्टो मशीन गन'. म्हणजे माल रचणारी मशीनगन. दहा मिनिटे किंवा अधिक स्कॅनर थांबला, तर 'रिकामा वेळ'. एक ते दहा मिनिटांच्या खंडासाठी आणखी एक निर्देशांक. कंपनीने हा निर्णय मान्य केला नाही आणि वर दाद मागितली. आपला मुद्दा दंडाच्या रकमेचा नाही, शैलीचा आहे. संचालकासाठी सहा पानांचे सलग गद्य, कारणमीमांसेसह. कामगारासाठी दोन शब्दांचे लेबल आणि एक आकडा. तो आकडा का ठरला, कोणी ठरवला, कोणत्या पाहणीवरून ठरवला, यातील एकही वाक्य खाली पोचत नाही. मधल्या काळात कामगार पाणी प्यायला गेला होता की सहकाऱ्याला जड खोका उचलायला हात देत होता, हे 'रिकामा वेळ' या शब्दांत मावत नाही.

म्हणूनच कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेला कायदा महत्त्वाचा आहे. गोदामातील कामगाराला त्याच्यावर लादलेल्या कामाच्या प्रमाणाचे लेखी वर्णन मिळाले पाहिजे, आणि स्वतःच्या कामाच्या वेगाची मागील ९० दिवसांची नोंद मागण्याचा त्याला हक्क आहे, असे तो कायदा सांगतो. जेवणाची सुट्टी किंवा स्वच्छतागृहात जाणे अशक्य होईल असे प्रमाण लादता येत नाही. कामगार चळवळीने येथे काय मिळवले? वेतनवाढ नव्हे. मिळवले ते वाक्य. 'तुमच्याकडून इतके काम अपेक्षित आहे, आणि न झाल्यास हे परिणाम होतील', असे पूर्ण वाक्य लिहून देण्यास मालकाला भाग पाडले.

गुंतवणूकदाराचा हक्क

सोपी भाषा हा गरिबांवर करायचा उपकार आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. सोप्या भाषेचा कायदेशीर हक्क प्रथम मागितला आणि मिळवला तो पैसेवाल्यांनी. अमेरिकेच्या रोखे बाजाराचे नियंत्रण करणाऱ्या आयोगाने १९९८ साली नियम केला की, भागविक्रीच्या माहितीपत्रकातील मुखपृष्ठ, सारांश आणि जोखमीची माहिती हे भाग सुबोध इंग्रजीतच लिहिले पाहिजेत. वाक्ये लहान असावीत, शब्द रोजच्या वापरातले व नेमके असावेत, वकिली बोजडपणा नसावा, एकावर एक नकार नसावेत. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कर्ता स्पष्ट दिसेल अशी वाक्यरचना असावी. त्या आयोगाने काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेला वॉरन बफे या विख्यात गुंतवणूकदाराने प्रस्तावना लिहिली. आपण आपल्या बहिणींना डोळ्यांसमोर ठेवून अहवाल लिहितो, असे त्यात त्याने सांगितले आहे.

विचार करा. शंभर डॉलरचा समभाग घेणाऱ्याला कर्ता दिसेल असे वाक्य मिळण्याचा हक्क आहे. त्याच कंपनीत आयुष्याची तीस वर्षे घालणाऱ्याला मात्र 'पुनर्रचनेमुळे आपले पद शिल्लक राहिलेले नाही' एवढेच कळवले जाते. भाषेतील ही वर्गव्यवस्था आहे. समता मागणाऱ्या चळवळीने या विषमतेकडे दुर्लक्ष का करावे?

अर्थात सुबोध आणि देखणी शैली म्हणजे सत्य, असेही नाही. 'सत्यम' कंपनीचे अहवाल वाचनीय होते. २००८ साली उत्तम कारभाराबद्दल तिला 'गोल्डन पीकॉक' पुरस्कारही मिळाला होता. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या रोकड व बँकशिल्लकेपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. मग पुरस्कार काढून घेण्यात आला. तात्पर्य, शैली तपासावी आणि आकडाही तपासावा. एकाने दुसऱ्याची जामीनकी देऊ नये.

न्यायालये ही तपासणी करू शकतात, याचेही उदाहरण आहे. लंडनमधील 'उबर'च्या चालकांनी आपण कामगार आहोत असा दावा केला. कंपनीच्या कागदपत्रांत ते स्वतंत्र व्यावसायिक होते, आणि कंपनी त्यांना जणू ग्राहक म्हणून सेवा पुरवत होती. २०१६ साली कामगार न्यायाधिकरणाने या कागदपत्रांतील कल्पित गोष्टींवर, पिळवटलेल्या भाषेवर आणि नव्याने बनवलेल्या परिभाषेवर कडक ताशेरे ओढले. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने चालकांच्या बाजूने निकाल दिला. कामगार-संरक्षणाचा कायदा लावताना मालकाने लिहिलेला करार हा आरंभबिंदू धरता येणार नाही. प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे आहे हे पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. प्रवाशांनी दिलेले तारे हे ग्राहकांच्या सोयीसाठी नसून चालकांवर ठेवलेले नियंत्रण आहे, हेही त्यातून पुढे आले. म्हणजे शब्दांच्या आडून कर्ता शोधून काढण्याचे काम न्यायासनाने केले. आपल्याकडे शहरोशहरी घरपोच माल पोचवणाऱ्या तरुणाला 'पार्टनर' म्हटले जाते. भागीदाराला नफ्यातील वाटा मिळतो आणि हिशेबाच्या वह्या पाहता येतात. या भागीदाराला यातले काय मिळते, हा प्रश्न आपण जाहीरपणे विचारला पाहिजे.

आपल्या घरातील दोष

येथवर वाचून कार्यकर्त्यांना समाधान वाटले असेल, तर आता थोडे अप्रिय लिहिणे भाग आहे.

पहिली गोष्ट, सर्व तांत्रिक लेखन हे कारस्थान नाही. 'दोनशे घरांचा नमुना घेण्यात आला' या वाक्यात नमुना कोणी घेतला याला महत्त्व नसते; तेथे कर्ता नसला तरी बिघडत नाही. उलट, प्रामाणिक विश्लेषक आपल्या अहवालात नमुना किती, पद्धत कोणती, चूक किती संभवते आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांतून मिळत नाही, हे सविस्तर लिहितो. ते रुक्ष पान हेच आपले मित्र असते. पुष्कळदा हा विश्लेषकही पगारदारच असतो, आणि त्याने लिहिलेली शंका वरिष्ठांनी कापलेली असते. त्याला शत्रू समजण्यापेक्षा त्याचे न कापलेले पान मागणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आपल्या पत्रकांत कर्ता असतो का? 'भांडवलशाही श्रमिकांना पिळून काढते' या वाक्याला व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे. परंतु तो एवढा विशाल आहे की, त्याला कोठेही गाठता येत नाही. व्यवस्थापन 'बाजारा'वर ढकलते, आपण 'व्यवस्थे'वर ढकलतो. कामगाराला दोन्हीकडून ठराव, तारीख आणि नाव मिळत नाही. शिवाय 'प्रचंड', 'हजारो', 'अभूतपूर्व' या शब्दांची आपल्याला लागलेली सवय, त्या स्लाइडवरील 'लक्षणीय'पेक्षा वेगळी आहे असे मानण्याचे कारण नाही. तडजोड अधिकाऱ्यापुढे बसल्यावर तो विचारतो, किती कामगार, किती महिने, किती थकबाकी? तेव्हा विशेषणे कामाला येत नाहीत.

दादाभाईंची वाट

या बाबतीत आपल्याला परक्यांकडून शिकण्याची गरज नाही. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यांनी वापरलेले आकडे सरकारचेच होते. त्यांवरून १८६७ ते १८७० या काळातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये येते, असे त्यांनी दाखवले. येथवर कोणीही हिशेबनीस पोचला असता. दादाभाईंनी पुढचे पाऊल टाकले. हा आकडा त्यांनी सरकार तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर करत असलेल्या खर्चाशेजारी आणि परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मजुराच्या शिध्याशेजारी ठेवला. स्वतंत्र प्रजेला गुन्हेगाराइतकेही मिळत नाही, हे सांगायला मग एकाही विशेषणाची आवश्यकता उरली नाही. आणि संपत्तीचा ओघ कोण नेतो, हा कर्ता त्यांनी कधी झाकला नाही. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच दारिद्र्य आणि राज्यकर्ते शेजारीशेजारी उभे आहेत.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७१ साली, पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे लागतात, अशी रेषा त्यांनी आखली. तिच्यावर पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. वाद शक्य झाला याचे कारण, रेषा कशी आखली हे त्यांनी उघड लिहिले होते. ज्याची पद्धत लिहिलेली असते त्याच्याशी भांडता येते. लोकशाहीतील विश्लेषणाची हीच कसोटी होय.

आज आपल्या हाताशी साधने नाहीत, असे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीला प्रत्येक संचालकाचे वेतन हे मध्यम कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या किती पट आहे, हे जाहीर करावे लागते. 'सेबी'ने मे २०२१ मध्ये ठरवून दिलेल्या जबाबदारी व शाश्वतता अहवालाचा नमुना २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना बंधनकारक झाला. त्यात कायम व बिगर-कायम कामगारांची संख्या, स्त्री-पुरुषांचे मध्यम वेतन, किमान वेतन, संघटनेचे सभासदत्व, अपघात व मृत्यू यांचे तक्ते असतात. हे अहवाल गुंतवणूकदारांसाठी लिहिले जातात. पण ते जाहीर असतात, आणि वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या किती शाखांनी आपल्या भागातील कारखान्याचा असा एक तरी अहवाल अभ्यासवर्गात वाचला आहे?

सूचना साधी आहे. प्रत्येक अभ्यासवर्गात महिन्यातून एकदा असा एक अहवाल घ्यावा. त्यातील एक परिच्छेद निवडावा. वाक्यावाक्याला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी केले? कोणाला झाले? किती? ज्या वाक्यातून उत्तर मिळणार नाही, ते आपल्या मराठीत पुन्हा लिहावे. 'मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण झाले' याऐवजी : 'अमुक तारखेच्या बैठकीत संचालक मंडळाने इतक्या कामगारांना काढण्याचा ठराव केला, आणि त्याच वर्षी भागधारकांना इतका लाभांश वाटला.' रिकाम्या जागा त्याच अहवालातून भराव्यात. जी भरता येत नाही, ती व्यवस्थापनाकडे लेखी मागावी. मागणीपत्राचे पहिले कलम तेच असावे. आपली पत्रकेही याच तीन प्रश्नांच्या चाळणीतून गेल्याशिवाय छापू नयेत.

१९२८ सालच्या कार्यकर्त्याला 'कार्यक्षमता' या शब्दात तिसरा माग दिसला. आजच्या डॅशबोर्डवरही कोठेतरी तिसरा माग लपलेला आहेच. तो शोधण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. वाक्याला कर्ता विचारण्याची सवय लागते, आणि ती सवय मराठी शाळेने आपल्याला केव्हाच लावून ठेवली आहे.